क्रीडांगणावरील शब्दांची कुळकथा

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाची संहिता)



शाळेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कोनशिला, मुख्याध्यापकांची नामावली, शालान्त परीक्षेचे निकाल आणि देणगीदारांची यादी यांना मानाचे पान मिळते. मधल्या सुट्टीला सहसा पान मिळत नाही. वास्तविक गेल्या साठ वर्षांत शाळा भरली त्या प्रत्येक दिवशी मधली सुट्टीही झाली आणि त्या वेळात मैदानावर जेवढे बोलणे झाले तेवढे कोणत्याही तासाला झाले नसेल. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालते तेव्हा वर्गातील मराठीची काळजी शिक्षक वाहतात. मैदानावरील मराठीची काळजी कोणी वाहत नाही. ती मुलांच्या तोंडी आपली आपण वाढते. त्या मराठीतील शब्द आले कोठून, त्यांचे अर्थ कोणते आणि ते टिकतात कशाने, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभ ‘राज्य’ या शब्दापासून करणे योग्य होईल. मराठी मुलांच्या खेळात ज्याच्यावर इतरांना पकडण्याची पाळी येते त्याच्यावर राज्य येते. मुले गोलात उभी राहून हात उपडे-उताणे टाकत चकतात, एकेक जण सुटत जातो आणि शेवटी उरलेल्याच्या माथी राज्य बसते. वरवर पाहता हा प्रयोग उफराटा वाटतो. ज्याने डोळे मिटून शंभरपर्यंत अंक मोजायचे, सर्वांच्या मागे धावून दमायचे आणि वर सर्वांचे चिडवणे ऐकायचे, त्याच्या वाट्याला राज्य! हिंदी मुलखात अनेक ठिकाणी अशा मुलाला ‘चोर’ म्हणतात. इंग्रजी मुले त्याला ‘इट’, म्हणजे नुसते ‘ते’, म्हणून मोकळी होतात. मराठी मुलांनी कष्टाच्या पाळीला राज्य म्हटले. राज्य म्हणजे सर्वांसाठी धावण्याची पाळी आणि ती आज ना उद्या प्रत्येकावर येणार, एवढे नागरिकशास्त्र त्या एका शब्दात सामावले आहे.

त्याच मैदानावर ‘गडी’ आहे. घरकाम करणारा तो गडी, सोबत करणारा तो सवंगडी, संघात खेळणारा तोही गडी आणि डाव संपला की तो ‘गडी बाद’. त्याचा जोडीदार ‘भिडू’. हरू लागल्यावर नियमांची कुरकुर काढणाऱ्याचा तो ‘रडीचा डाव’. धावून धाप लागली की मूठ वर करून म्हणायचे ते ‘टॅम्प्लीज’. हे ‘टाइम प्लीज’ या दोन इंग्रजी शब्दांचे एका दमातले मराठी रूप आहे. आणि सर्वांत मायेचा शब्द ‘लिंबूटिंबू’. धाकटे भावंड खेळायला हट्ट धरते, त्याला बाहेर ठेवले तर ते रडणार आणि पूर्ण गडी मानले तर ते सतत बाद होणार. तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते धावते, ओरडते, आनंद लुटते. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळाला खेळात सामावून घेण्याची ही तरतूद कोणत्याही क्रीडासंघटनेच्या नियमपुस्तकात सापडणार नाही; मुलांनी ती स्वतःच केली.

हे सारे शब्द अस्सल घरचेच आहेत, असे समजण्याचे मात्र कारण नाही. विटीदांडूचेच उदाहरण घ्यावे. या खेळात विटी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर ठेवून टोलवण्याचे सात प्रकार असत आणि त्यांची नावे क्रमाने म्हटली जात: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू. गावोगावी उच्चारांत थोडा फरक पडे, पण क्रम तोच राही. ‘डोळा’ हा शब्द ऐकताच कळतो. पण वकट म्हणजे काय, लेंड म्हणजे काय, हे खेळणाऱ्या पिढ्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल? पहिल्या चार शब्दांच्या शेजारी तेलुगूतील अंक ठेवले की कोडे सुटते. तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, दोन म्हणजे ‘रेंडु’, तीन म्हणजे ‘मूडु’, चार म्हणजे ‘नालुगु’. मराठी मुले विटी टोलवताना शेजाऱ्याच्या भाषेत मोजत होती. ही देवघेव कोणत्या बाजारात, कोणत्या छावणीत, कोणत्या सीमेवरच्या गावात झाली याची नोंद नाही. मुलांनी मात्र तो ठेवा पिढ्यान्‌पिढ्या जपला, अर्थ विसरूनही जपला. हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलाला हे चार शब्द ऐकून आपल्या दोन्ही भाषा एका दांडूवर भेटल्यासारखे वाटेल.

‘डबा ऐसपैस’ची कथा याच जातीची आहे. ऐसपैस म्हणजे मोकळे, प्रशस्त; पण लपाछपीच्या खेळात प्रशस्तपणाचे प्रयोजन काय? इंग्रजी मुले लपलेल्याला पाहताच ‘आय स्पाय’, म्हणजे ‘मी टिपले’, असे ओरडत. ते ऐकून हिंदी मुलांनी ‘आइस-पाइस’ केले आणि मराठी मुलांना जवळचा वाटणारा शब्द आधीच घरात होता, तो त्यांनी बसवला. अर्थ जुळला नाही, नाद जुळला, आणि खेळाला तेवढे पुरले.

शब्द उसना येतो आणि निरनिराळ्या घरी निरनिराळ्या स्वभावाचा होतो, याचे नामी उदाहरण म्हणजे ‘पोबारा’. सोंगट्यांच्या खेळात फाशांवर पडणारे एक आणि बारा असे हे दान. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे भाग्य उजळणे, चंगळ होणे. मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे. एकाच पटावरचे एकच दान. गंगेकाठी ते नशीब ठरले आणि गोदेकाठी पलायन. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली येथील मराठी घरांत दोन्ही अर्थ एकाच दिवशी कानी पडू शकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सारीपाट आज फारच थोड्या घरांत मांडला जातो. तरीही ‘पोबारा’ जिवंत आहे, कारण तो पटावरून उठून रोजच्या बोलण्यात आला. बुद्धिबळातील ‘शह’ आणि ‘काटशह’ असेच राजकारणाच्या बातमीत वावरतात. खो-खोतला ‘खो’ तर दोन रूपांनी नांदतो: मैदानावर खो देणे म्हणजे दमलेल्या जोडीदाराने दुसऱ्याला पुढे धाडणे, आणि व्यवहारात एखाद्याच्या कामात खो घालणे म्हणजे त्याची वाट अडवणे. वकट-लेंड मात्र खेळाबाहेर कधी पडले नाहीत. विटीदांडू मागे पडला, तसे तेही मागे पडले. जो शब्द केवळ खेळापुरता असतो त्याचे आयुष्य खेळाच्या आयुष्याएवढेच असते.

एकाच खेळाला प्रांतोप्रांती निरनिराळी नावे असणे हाही या देशाचा जुना रिवाज आहे. महाराष्ट्रात ‘हुतुतू’, बंगालमध्ये ‘हाडुडू’, तामिळनाडूत ‘चेडुगुडु’ आणि उत्तरेत ‘कबड्डी’. यांतील बहुतेक नावे म्हणजे दम न सोडता उच्चारायचे बोल होत. खेळाडूचा श्वास हेच खेळाचे नाव! मराठी माणसाने या खेळाला नियमांची चौकट देण्यासाठी पुष्कळ परिश्रम केले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम निश्चित करून स्पर्धा भरवल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे अखिल भारतीय स्तरावर एक नाव हवे झाले तेव्हा ‘कबड्डी’ स्थिरावले आणि हुतुतू हे नाव मराठीत मागे सरले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकाचा झाला तो कबड्डी याच नावाने. नाव गेले, खेळ वाढला. त्याबद्दल खंत करावी की समाधान मानावे, याचे उत्तर सोपे नाही. पण आजोबांनी ‘हुतुतू’ म्हटले तर नातवाला ते कळावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

क्रिकेट आले तेव्हा मराठीने जे केले ते विशेष अभ्यासण्याजोगे आहे. ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटसाठी घडलेला नाही. फारसीतील ‘अंदाज’ हे अंत्यपद ‘फेकणारा’ या अर्थाचे आहे. तीर फेकणारा तो तिरंदाज आणि तोफेतून गोळा फेकणारा तो गोलंदाज. मराठेशाहीच्या तोफखान्यातला हा माणूस तोफा थंडावल्यावर चेंडू घेऊन मैदानात उतरला. त्याच्या नमुन्यावर फळी घेणाऱ्यासाठी ‘फलंदाज’ घडवला गेला. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर या शब्दाचा अर्थ ‘फळी फेकणारा’ असा निघतो आणि ते वर्णन बाद होऊन तंबूत परतलेल्या रागीट खेळाडूलाच शोभेल. तथापि भाषेला व्याकरणाहून रूढी बलवान. फलंदाज रुजला तो रुजलाच.

बाद होण्याच्या प्रकारांची नावे आखाड्यातून आली. मल्लाची पाठ मातीला टेकली की तो चीत. हाच ‘चीत’ क्रिकेटमध्ये आला आणि पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत अशी पंगतच बसली. ज्या समाजाने कुस्ती पाहिली होती त्याला हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. सहा चेंडूंचे ते ‘षटक’. मात्र ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका षटकात आठ चेंडू टाकले जात, त्यामुळे तेथील सामन्यांच्या मराठी वृत्तान्तांत षटक आठाचे असे आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. शून्यावर बाद झालेल्याला इंग्रजांनी आकारावरून बदकाचे अंडे दिले, मराठीने त्याच आकारासाठी भोपळा दिला. जुन्या मराठीत शून्याला ‘पूज्य’ असेही म्हणत, त्यामुळे भोपळा घेऊन परतणारा फलंदाज एका अर्थी पूज्यच ठरतो.

हे शब्द घरोघरी पोहोचले ते आकाशवाणी आणि वृत्तपत्रे यांच्यामुळे. मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन करणारे बाळ ज. पंडित आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांची नावे या संदर्भात कृतज्ञतेने घ्यावी लागतील. समालोचकाला कोश चाळायला सवड नसते. चेंडू हातातून सुटल्यापासून सीमेपार जाईपर्यंत जो शब्द सुचेल तो उच्चारावा लागतो. श्रोत्याला तो त्याच क्षणी कळला तरच तो टिकतो. या कसोटीला उतरलेले शब्द म्हणूनच पक्के आहेत.

इंग्रजी क्रिकेटची बोलीही अशीच हौसेने आणि योगायोगाने घडली. १८५८ मध्ये शेफील्ड येथे एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्याला टोपी घेऊन दिली आणि ‘हॅटट्रिक’ हा शब्द रूढ झाला. आज निवडणुकीत तिसऱ्यांदा विजयी होणारा उमेदवारही हॅटट्रिक साधतो. टोपी मात्र त्याच्याजवळ आधीपासून असते. ‘गुगली’चा जनक बर्नार्ड बोझांके हा टेबलावर चेंडू टप्पा देऊन समोरच्याला चकवण्याचा घरगुती खेळ खेळत असे, त्यातून त्याला लेगब्रेकच्या हालचालीने उलट वळणारा चेंडू गवसला. १९०० साली लॉर्ड्‌सवर त्याने या चेंडूवर लीस्टरशायरच्या कोचा बळी मिळवला तेव्हा कोच्या ९८ धावा झाल्या होत्या आणि चेंडूचे चार टप्पे पडले होते. ऑस्ट्रेलियात त्या चेंडूला बोझांकेवरूनच ‘बोझी’ म्हणत. पुढे उलट दिशेनेही देवघेव झाली. पाकिस्तानचा यष्टिरक्षक मोईन खान यष्टींमागून सकलैन मुश्ताकला ‘दूसरा’ टाकण्यास सांगे; तो साधा हिंदी-उर्दू शब्द समालोचकांनी उचलला आणि इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. खेळाच्या शब्दाला पारपत्र लागत नाही.

परंतु खेळातला प्रत्येक शब्द निरुपद्रवी असतो असे नाही. डावखुऱ्या गोलंदाजाच्या मनगटी फिरकीला इंग्रजीत दीर्घ काळ ‘चायनामन’ म्हटले जाई. वेस्ट इंडीजचा चिनी वंशाचा गोलंदाज एलिस अचॉंग याच्याशी १९३३ च्या मॅंचेस्टर कसोटीतील एक आख्यायिका जोडली जाते. एका मानवसमूहाचे नाव फसव्या चेंडूला चिकटवण्यात कुत्सितपणा आहे हे कळायला बरीच वर्षे गेली. २०१८ पासून ‘विस्डेन’ने तो शब्द सोडला. १९२१ पूर्वीपासून चालत आलेल्या ‘बॅट्‌समन’ शब्दाच्या जागी मेरिलबोन क्रिकेट क्लबने २०२१ मध्ये नियमांत ‘बॅटर’ आणला, कारण स्त्रियाही बॅट हाती घेतात. मराठीला ही दुरुस्ती करावी लागली नाही. सांगलीची स्मृती मानधना ही फलंदाज आणि सुनील गावसकर हेही फलंदाज.

भारतीयांना अधिक बोचणारे उदाहरण विनू मंकड यांचे आहे. जामनगरला जन्मलेला हा थोर अष्टपैलू खेळाडू १९४७-४८ मध्ये भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला होता. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत मंकड यांनी बिल ब्राऊन याला, तो चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे गेल्याने, दुसऱ्या टोकाला धावचीत केले. या कसोटीआधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद दिलेली होती. कृती नियमाला धरून होती. खुद्द ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन याने आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. तरीही वृत्तपत्रांनी त्यांच्या आडनावाचे क्रियापद केले आणि ‘मंकडिंग’ म्हणजे अखिलाडूपणा असा अर्थ जगभर पसरला. क्रीज आधी सोडली फलंदाजाने, नाव मात्र बद्दू झाले गोलंदाजाचे. सुनील गावसकर यांच्यासारख्यांनी या शब्दाला सातत्याने आक्षेप घेतला. अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून या प्रकारची नोंद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून ‘धावचीत’ या नियमात करण्यात आली. एका माणसाच्या नावावरील डाग पुसायला पंचाहत्तर वर्षे लागावीत, ही शब्दाची ताकद आहे.

शाळेच्या मैदानावर हीच ताकद लहान प्रमाणात रोज वापरली जाते. जाड्या, बुटक्या, चष्मिस अशी नावे खेळाच्या भरात पडतात आणि पन्नास वर्षांनी भरलेल्या स्नेहसंमेलनातही पुकारली जातात. काहींना ती आपुलकीची वाटतात, काहींनी ती मुकाट्याने सोसलेली असतात. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाला गल्लीतली इतर मुले त्याच्या उच्चारांवरून, आडनावावरून काही नाव ठेवतात आणि कधी मराठी मुलेही शेजारच्या भाषेची तशीच टिंगल करतात. ज्या बोलीने ‘लिंबूटिंबू’ घडवला त्या बोलीला हे शोभत नाही. दुबळ्याला खेळात घेणारा शब्द आणि दुबळ्याला खेळाबाहेर ढकलणारा शब्द, दोन्ही मुलांच्याच तोंडी जन्मतात. त्यांतला कोणता रुजेल हे मैदानावरच्या मोठ्या मुलांवर आणि दूर उभ्या असलेल्या शिक्षकांवर अवलंबून असते.

पालकहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक चिंता नेहमी व्यक्त होते: मुलांची मराठी भेसळीची होत आहे. वाक्याची सुरुवात मराठीत, मधला भाग हिंदीत, तेलुगूत किंवा गुजरातीत आणि शेवट इंग्रजीत. ही चिंता अनाठायी नाही; पण वर पाहिलेली कुळकथा थोडा धीर देणारी आहे. विटीदांडूची मोजणी तेलुगू, तोफखान्याचा गोलंदाज फारसी, लपाछपीचा ऐसपैस इंग्रजी. यांपैकी कशानेही मराठी खंगली नाही. उसने शब्द तिने आपल्या कानाला रुचतील असे वळवले आणि आपले केले. वळवून घेण्याची ही शक्ती खेळणाऱ्या मुलांत असते. वकट-लेंडचा अनुभव सांगतो तो धोका वेगळा आहे. तेथे शब्दांना कोणी बिघडवले नाही. खेळ थांबला म्हणून शब्द थांबले. मुले शाळेच्या गाडीतून उतरून थेट शिकवणीला जाऊ लागली, संध्याकाळचा खेळ पडद्यावर आला, तर ‘राज्य’ कोणावर येणार आणि ‘भिडू’ कोणाला म्हणणार? वर्गात मराठी उत्तम शिकवली गेली तरी ती उत्तरपत्रिकेची भाषा राहील. रागवायची, रुसायची, समेट करायची आणि जिंकल्यावर ओरडायची भाषा दुसरीच होईल.

या शाळेत साठ वर्षांपूर्वी पहिलीत बसलेली मुले आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापाशी असे शब्द आहेत जे कोणत्याही कोशात मिळणार नाहीत: या शहरातल्या, या मैदानावरच्या, दोन भाषांच्या संगमावर घडलेल्या खेळांचे शब्द. हीरक महोत्सवाच्या वर्षात प्रत्येक तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या काळचे असे शब्द लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावेत. शब्द कोणत्या खेळातला, कोणत्या प्रसंगी म्हटला जाई आणि कोणत्या भाषेतून आलासा वाटतो, एवढे तीन ओळींत लिहिले तरी पुरे. शाळेने वर्षातून एक दिवस आजी-आजोबांना मैदानावर बोलवावे आणि विटी कशी टोलवायची, हे त्यांच्याकडून मुलांना शिकू द्यावे. पालकांनी रोज एक तास मुलांना मोकळे सोडावे. दूरचित्रवाणीवर सामना चालू असताना ‘स्कोअर काय झाला?’ याऐवजी कधीतरी ‘किती गडी बाद झाले?’ असे विचारून पाहावे.

या कामाला अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. चार मुले, एक मोकळी जागा आणि चकण्यासाठी पुढे आलेले हात, एवढी सामग्री पुरते. राज्य कोणावर येते, ते मुले आपापसांत ठरवतील.